काऊनचं उत्तर

दुर्गेश्वरी सलग चौथ्या दिवशी शाळेत आली नाही, आणि परसराम सरांचं वर्गात लक्ष लागेना. हातातला खडू दोनदा मोडला. हजेरीपटावर तिच्या नावापुढे त्यांनी पुन्हा 'गैरहजर' लिहिलं.

कारण त्यांना ठाऊक होतं. सोमवारी आठवीत गुणोत्तर-प्रमाण शिकवताना ती उठून म्हणाली होती, "सर, हे काऊन शिकाचं?"

"काऊन नाही, 'कशासाठी' म्हणावं. आधी शुद्ध बोल. बस खाली!"

वर्ग खो खो हसला. सर स्वतः याच भागातल्या कामठ्याचे, घरी त्यांच्याही तोंडी दिवसभर काऊनच. पण शब्द सुधारला की प्रश्न टळतो, ही मास्तरांची जुनी पळवाट!

शाळा सुटताच त्यांनी मोटारसायकल तिच्या गावाकडे वळवली. दारात तिचे आजोबा चुन्नीलाल भेटले. गावच्या तलावाच्या पाण्याच्या पाळ्या तेच ठरवत.

"पोरगी तलावावर हाय. शाळंत जात नाई म्हनते," ते म्हणाले. "गुरुजी, एक इचारू? तुमी काऊन शिकवता?"

अभ्यासक्रम, निकाल, नोकरी... सर मनातल्या मनात एकेक उत्तर खोडत गेले. बारा वर्षांत हे कुणी विचारलं नव्हतं. त्यांनी स्वतःलाही नाही.

"आमच्या वाडवडलायनं तलाव बांधला, तं पयले पाहलं, पानी कोनाच्या बांधीत जाईन, कोनाचं धान पिकवीन. मंग कुदळ मारली. तुमी नुसते खोदून राहिले, गुरुजी!"

बोल झोंबले. सर तडक तलावावर गेले. दुर्गेश्वरी काडीने ओल्या मातीत आकडे लिहीत होती.

"काय करतेस?"

तिने मान वर केली नाही. "बारा तास पानी, नऊ एकर जमीन. अनुसयाबाईची दोन एकर शेवटाले हाय. वरचेच पानी घेऊन टाकतेत, तिचं धान वाळून राहिलं. तिले किती वेळ भेटाले पायजे? जमून नाई राहिलं."

अरे! हेच तर सोमवारी फळ्यावर होतं! सर चिखलातच बसले. "एका एकराला किती, ते आधी काढ."

काडी भराभर फिरली. "दोन तास चाळीस मिनटं! सर, हे तं तुमी शिकवत होते तेच!"

"मलाही आत्ताच कळलं, पोरी," सर म्हणाले. त्यांना मनापासून लाज वाटली.

त्या हिशोबाने त्याच संध्याकाळी चुन्नीलालनी अनुसयाबाईची पाळी नव्याने लावून दिली.

दुसऱ्या दिवशी दुर्गेश्वरी पहिल्या बाकावर होती. नवा धडा सुरू होताच मागच्या बाकावरची गुंजन चाचरत उठली, "सर, हे काऊन शिकाचं?"

सरांनी खडू खाली ठेवला. "मले आज नाई माहीत. चाला, शोधू."

कुणीही हसलं नाही.

वाचकहो, आपल्याही घरात, वर्गात एखादं लेकरू हेच विचारत असेल. त्याची भाषा सुधारायला धावू नका. कशासाठी शिकायचं हे ज्याला कळलं, तो शिकल्यावाचून राहत नाही. आणि कशासाठी शिकवायचं हे ज्याला कळलं, त्याला 'खाली बस' म्हणावं लागत नाही!