न फाडलेली पाने

मित्रांनो, मी घरबांधणीचे एक जुने पुस्तक. माझा पुठ्ठा वाळवीने खाल्ला आहे, पण त्याची मला लाज नाही. लाज वाटते ती माझ्या कौतुकाच्या दिवसांची.

१९२७ साली हरिश्चंद्रभाऊंनी मला मुंबईत विकत घेतले. ते गोदीच्या कचेरीत कारकून होते. त्याच दिवशी त्यांनी ग्रामोफोनही घेतला. त्यासाठी दोन तास दुकानात बसले. एकाचा आवाज नाकातला, दुसऱ्याचा डब्यातला, असे म्हणत तिसरा पसंत केला. मला मात्र वरचे गच्चीच्या बंगल्याचे चित्र पाहून लगेच उचलले. तेव्हा पुस्तकांची पाने काठाला जुळलेली असत, वाचणाऱ्याने ती फाडून घ्यायची. भाऊंनी पहिली आठच फाडली.

कोकणात मालगुंडजवळच्या त्यांच्या गावी ग्रामोफोन ऐकायला माणसे जमत. सुई कधी बदलावी, कर्णा कुठे वळवावा, भाऊ सगळे सांगत. मग मला उंच धरत. "असं पुस्तक उभ्या जिल्ह्यात नाही!" मी फुगून जाई.

भाऊंना नवे घर बांधायचे होते. म्हातारे गवंडी धोंडू यांनी अंगणातल्या मातीत काठीने उतरते छप्पर काढून दाखवले. म्हणाले, "भाऊ, आपल्याकडचा पावस लय. गच्ची पानी धरंल. कौलं घाला."

भाऊंनी ते चित्र पायाने पुसले आणि मला त्यांच्या तोंडासमोर धरले. "धोंडू, छापलेल्यापेक्षा तुला जास्त कळतं?"

माणसे हसली. काम दुसऱ्याला गेले. पुढे गावात कुणी धोंडूंना घर सांगेना. ते खाणीवर चिरे फोडू लागले. माझ्यामुळे.

दुसऱ्याच पावसाळ्यात गच्ची गळू लागली. ग्रामोफोनवर घमेले ठेवावे लागले. भाऊ मुंबईला होते. त्यांच्या पत्नी सावित्रीबाई चार इयत्ता शिकलेल्या. गळतीवर उपाय शोधायला त्यांनी मला घेतले आणि केसातल्या आकड्याने माझी पाने सोडवली. आत लिहिले होते, 'जेथे पाऊस फार, तेथे गच्ची बांधू नये.' खाली उतरत्या छपराचे चित्र होते.

भाऊ गणपतीला आले तेव्हा सावित्रीबाईंनी ते पान त्यांच्यापुढे ठेवले. "अहो, तो कर्णा दोन तास ऐकलात. ह्याची पानं तरी फाडायचीत!"

भाऊ मला घेऊन धोंडूंच्या दारी गेले. त्यांनी ते पान उघडून धरले. धोंडूंना वाचता येत नव्हते, पण चित्रावर त्यांचे बोट थांबले.

"ह्यो उतार तर मी तुमच्या अंगनात काडला व्हता."

"होय, धोंडूदादा," भाऊ खाली मान घालून म्हणाले. "आणि मी तो सगळ्यांसमोर पायानं पुसला. आता सगळ्यांसमोर तुम्हीच छप्पर घाला."

कौले चढली, धोंडूंना पुन्हा घरे मिळू लागली. पण खाणीवरची ती दोन वर्षे मला कुठे परत देता आली? मित्रांनो, आम्हाला जपा, वाळवीपासून वाचवा. पण त्याआधी आम्हाला पुरते वाचा. आणि न वाचता कुणाच्या तोंडासमोर धरू नका. खरे माझ्या पोटातच होते, आणि मी मिटलेले होते.