रफार नसलेले झाकण

मी एक जुने बिडाचे झाकण आहे. गल्लीच्या वळणावर गटाराच्या तोंडावर बसतो. व्याकरणात मी 'ते झाकण' असलो, तरी एक आजोबा मला पहिल्यापासून 'अरे' म्हणत आले, म्हणून मीही स्वतःला 'तो'च समजतो. मित्रांनो, आपली कहाणी सांगणाऱ्या वस्तू बहुधा गोड बोलतात. माझ्याकडून ती अपेक्षा ठेवू नका. मी रागावलेला आहे आणि रागातच बोलणार आहे.

माझा जन्म ओतशाळेत झाला. वाळूच्या साच्यात लालभडक रस ओतला, तो निवला, वाळू झटकली आणि मी बाहेर आलो. साच्यात अक्षरे उलटी कोरावी लागतात, तेव्हा ती झाकणावर सुलटी उमटतात. माझ्या पाठीवर 'सार्वजनिक' असे उमटायचे होते. पण रफाराच्या बारीक खाचेपर्यंत रस पोचलाच नाही. उमटले 'सावजनिक'. साचा करणारा कारागीर हळहळला. मला पुन्हा भट्टीत घालू म्हणाला. मुकादमाने हात झटकले.

"राहू दे रे. गटारावर कोण वाचत बसलंय? सरकारी माल आहे, खपून जातो."

घरच्या तव्यावर असा डाग राहिला असता, तर याच माणसाने चार शिव्या दिल्या असत्या. जे सगळ्यांचे, ते कसेही चालते, हा धडा मला पाळण्यातच मिळाला.

तरी मी काम चोख केले. हातगाड्या, रिक्षा, शाळेची मुले, प्रेतयात्रा, वराती, सगळे माझ्या पाठीवरून गेले. वळणावरच एका इस्त्रीवालीची टपरी आहे. तिला सगळे ताई म्हणतात. तिचे सासरे म्हणजे ते आजोबा. त्यांची नजर जवळजवळ गेलेली, पण इस्त्रीचे कपडे घरोघर पोचवायचे काम त्यांनी सोडले नव्हते. बोचके खांद्यावर, काठी हातात. काठी डांबरावर पडली की नुसते 'थप' होई. माझ्यावर पडली की 'टण्' वाजे. तो आवाज आला की आजोबा उजवीकडे वळत आणि बरोबर टपरीत पोचत. "वाजलास का रे बाबा?" असे मला विचारून पुढे जात. एवढे प्रेमाने माझ्याशी दुसरे कोणी बोलले नाही.

टपरीसमोर दोन दुकाने. एक शिंप्याचे, एक औषधांचे. शिंप्याला गल्ली सरकारभाऊ म्हणे, कारण कशाचाही विषय निघाला की तो म्हणायचा, "हे सरकारनंच करायला पाहिजे." औषधवाल्याचे नाव पडले होते कंपनीशेठ. त्याचे म्हणणे, "सरकारनं राज्य करावं, झाकणं बसवत बसू नये. कंपनीला ठेका द्या. काम नाही तर दाम नाही." मग सरकारभाऊ विचारी, "आणि जिथं फायदा नाही त्या गल्लीत तुझी कंपनी फिरकेल का?" शेठ म्हणे, "तुझं सरकार तरी कुठं फिरकतंय?" दोघांच्याही बोलण्यात तथ्य होते. विचारसरणी म्हणजे काय, हे मी या दोघांच्या चपलांखाली शिकलो. संध्याकाळचा चहा घेत ते माझ्यावरच उभे राहून भांडत.

दरम्यान दर निवडणुकीआधी रस्त्यावर डांबराचा नवा थर चढत होता. रस्ता उंच होत गेला आणि मी होतो तिथेच राहिलो. पाहता पाहता मी खड्ड्यात गेलो, तेही जागचा न हलता. एकदा पाण्याचा टँकर धाडकन माझ्यावर आदळला आणि मी ज्या कड्यात बसतो ते कडे तडकले. तेव्हापासून मी डुलू लागलो.

ताई गटार विभागाच्या कचेरीत गेली. तिथे तिला सांगितले, "झाकण आमचं आहे, पण कडं रस्ते विभागाचं." रस्ते विभागाने सांगितले, "कडं आमचं, पण झाकण बसल्याशिवाय कड्याला हात लावता येत नाही." झाकण आणि कडे यांच्यातल्या फटीत राहणारी माणसे असतात, हे मी त्या दिवशी ताईच्या तोंडून पहिल्यांदा ऐकले.

ताई दोन्ही दुकानदारांकडे आली. "भाऊ, शेठ, माझे मामंजी रोज इथून जातात. त्यांना दिसत नाही. कोणीतरी मजबूत फळी टाका, बाकी नंतर बघू."

"ताई, फळी टाकायला माझी ना नाही," सरकारभाऊ म्हणाला. "पण आपण टाकली, की सरकार कायमचं अंग काढून घेईल. हा हक्काचा प्रश्न आहे."

"हे मात्र तुझं पटलं," शेठ म्हणाला. "फुकट केलं की कामाची किंमत राहत नाही."

इतक्या वर्षांत त्या दोघांचे पहिल्यांदा एकमत झाले, तेही काही न करण्यावर. तो प्रसंग आठवला की अजून माझे बीड तापते.

तिसऱ्या दिवशी रात्री, टपरी बंद झाल्यावर, गटार विभागाची माणसे आली. त्यांनी पहारीने मला उचकटले, तपासणीसाठी म्हणून गाडीत टाकले आणि उघड्या तोंडात एक झाडाची फांदी खोचून दिली. मला गोदामात जुन्या पाइपांशेजारी आपटले. पुढचे मी पाहिले नाही, ऐकले. सकाळी आजोबा बोचके घेऊन निघाले. फांदी वाऱ्याने कधीच पडली होती. वळणाशी येऊन त्यांनी 'टण्' ऐकण्यासाठी काठी टेकवली. आवाज आला नाही. त्यांना वाटले, अजून पोचलो नाही. ते आणखी एक पाऊल पुढे गेले.

मित्रांनो, ते वाचले. पण खुब्याचे हाड मोडले. आता ते खाटेवरून उठत नाहीत.

दुसऱ्या दिवशी गोदामात एका अधिकाऱ्याला फोनवर बोलताना मी ऐकले. "नाही साहेब, बोभाटा होणार नाही. प्रकरण झाकतो मी."

झाकतो? हा? मी समोर पडलो होतो. झाकायला जन्मलेला, आणि ज्याला झाकू दिले नाही तो. झाकणे हे माझे काम आहे. कोणाचा पाय घसरू नये, मूल आत पडू नये, म्हणून झाकतात. पाप लपवायला माझा शब्द वापरणाऱ्याची जीभ कशी झडत नाही?

तेवढ्यात ताई आली. कपड्यांची हातगाडी घेऊन आली होती. मागे सरकारभाऊ आणि कंपनीशेठ, दोघांच्या माना खाली.

"ताई, झालं ते वाईट झालं," अधिकारी म्हणाला. "पण यात मोठा धोरणात्मक प्रश्न आहे. समिती नेमलीय."

"प्रश्न मोठा नाही साहेब. भोक कोण झाकणार, कधी झाकणार, आणि नाही झाकलं तर आम्ही कुणाच्या दारात बसायचं? एवढं सांगा, नावानिशी सांगा. तोवर आमचं झाकण आम्ही नेतो."

"असं नेता येत नाही. सरकारी मालमत्ता आहे."

ताईने वाकून माझ्या पाठीवरची माती हाताने पुसली. अक्षरे वाचली. 

"रफार तुम्ही खाल्लात," ती म्हणाली, "आणि सावज आमच्या वाट्याला आलं."

अधिकारी वाटेतून बाजूला झाला. सरकारभाऊने मला एका बाजूने धरले, शेठने दुसऱ्या. कसेबसे त्यांनी मला गाडीवर चढवले. दोघेही घामाघूम झाले होते, पण त्या दिवशी भांडले नाहीत. मला घेऊन ते सगळे विभागाच्या दारात बसले. गल्लीही मागून आली. अखेर दोन्ही विभागांचे अभियंते एकाच भोकापाशी एकाच वेळी उभे राहिले. नवे कडे आले. मला रस्त्याच्या पातळीवर बसवले. सरकारभाऊने त्या दोघांची नावे आणि फोन नंबर टपरीच्या भिंतीवर ठळक रंगवले. रंग शेठने दिला. आता ते पुन्हा माझ्यावर उभे राहून भांडतात. खुशाल भांडोत. भांडायला आधी पायाखाली काहीतरी लागते, हे त्यांना कळले, तेवढे पुरे.

पण माझा राग गेलेला नाही. आजोबा पडण्याआधी हे सगळे होऊ शकले असते.

ताई आता रोज टपरी उघडण्यापूर्वी त्यांची काठी घेऊन येते आणि माझ्यावर एकदा आपटते. टण्. टपरीमागच्या खोलीतून, खाटेवरून, आजोबा विचारतात, "सूनबाई, आहे ना गं तो जागेवर?"

"आहे मामंजी."

मित्रांनो, तुमच्या वाटेवरही असे एखादे झाकण असेल. जाता येता त्याला एकदा वाजवून बघा. आवाज आला नाही, तर पुढचे पाऊल टाकू नका आणि दुसऱ्या कोणाला टाकू देऊ नका. तिथेच उभे राहून, ज्याचे नाव भिंतीवर आहे त्याला हाक मारा. भिंतीवर नाव नसेल, तर आधी ते लिहून घ्या.