दांडा चार बोटं वर

आमच्या सासऱ्यांनी उभा जन्म सुतारकाम केलं. त्यामुळे लाकडाला जे चालतं ते सगळ्या जगाला चालतं, असं त्यांचं ठाम मत. त्यांना काही सांगणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी, आणि मी मुळातच कमी सोसणारी.

मांडीचं हाड मोडल्यापासून त्यांना आंघोळ माझा नवरा घालायचा. बाथरूमचं दार सताड उघडं, एका हाताने बापाला धरायचं, दुसऱ्याने पाणी ओतायचं. बाबा डोळे घट्ट मिटून बसायचे. पुढे काठी घेऊन घरभर हिंडायला लागले, पण ओल्या फरशीवरून उठताना आधार हवाच. एकदा दार लावून आंघोळ करू दे, मग खुशाल मरेन, म्हणायचे. मी म्हटलं, मरायचं मागाहून बघू, आधी भिंतीला दांडा लावू.

स्टीलचा दांडा आणला. तो बसवायचा मान अर्थातच त्यांचा. स्टुलावर बसून त्यांनी नवऱ्याकडून भोकं पाडून घेतली, सागाच्या गुट्ट्या तासून भोकांत ठोकल्या आणि त्यांत लाकडाचे स्क्रू पिळले. मी कुरकुरले, की रोज पाणी उडणार, लाकूड फुगणार, सुकणार, सैल पडणार. तर म्हणाले, माझ्या गुट्ट्यांवर लोकांची कपाटं टांगलीत. खोटं नव्हतं ते. पण कपाटाला कोण रोज आंघोळ घालतं?

माझी एकच अट होती, आधी काही दिवस मी रोज लोंबकळून बघणार. पंधरवडा उलटला आणि एका सकाळी दांडा माझ्या हातात, मी बादलीत. नवरा हसून हसून बेजार. बाबा मात्र हसले नाहीत, धड जेवलेही नाहीत. माझंच खरं ठरलं होतं, तरी माझा जीव तुटला.

तडक हार्डवेअरचं दुकान गाठलं. दुकानातल्या बाईंनी आधी विचारलं, टाइलमागे वीट आहे की काँक्रीट? काँक्रीट, म्हटल्यावर त्यांनी न गंजणारे स्क्रू आणि त्यांच्याच मापाचं ड्रिलचं पातं काढलं. म्हणाल्या, "याला गुट्टी लागत नाही, हा काँक्रीटमध्ये स्वतःच आटे पाडत जातो. भोक स्क्रूपेक्षा थोडं खोल घ्या, आतली धूळ काढा. आणि बसला की थांबा. जास्त पिळलात तर पाडलेले आटे तोच मोडेल."

जुनी भोकं काही कामाची नव्हती, म्हणून दांडा चार बोटं वर घेतला. पात्याला खोलीच्या मापाची चिकटपट्टी लावली. टाइल फुटू नये म्हणून पातं तिच्या आरपार जाईपर्यंत ड्रिल नुसतं फिरवलं, मग काँक्रीट लागल्यावर ठोक्यावर टाकलं. सायकलच्या पंपाने भोकं फुंकली, तर सगळी धूळ माझ्याच तोंडावर. नवऱ्याला पुन्हा हसण्याची उकळी फुटली.

पिळायचं काम मात्र मी बाबांनाच दिलं. बाबा सावकाश पिळत होते. शेवटच्या स्क्रूला सवयीने आणखी एक पीळ द्यायला हात वळला आणि मध्येच थांबला.

"बास?" त्यांनी मला विचारलं. आजवर त्यांनी कामातलं कुणाला काही विचारलेलं मी ऐकलं नव्हतं.

"बास, बाबा," मी म्हटलं.

मग मी आणि नवरा दोघं त्या दांड्याला लोंबकळलो. ढिम्म हलला नाही.

दुसऱ्या सकाळी नवरा टॉवेल घेऊन नेहमीसारखा दाराशी गेला. त्याच्या तोंडावर दार लागलं, आतून कडी पडली. पाण्याचा आवाज आला, मग बाबांचं गाणं, तेही चांगलंच बेसूर. मी नवऱ्याला म्हटलं, सुटलास रे एकदाचा. तो हो म्हणाला, पण जागचा हलेना. इतके महिने रोज बापाला हात लागत होता, आता करायचं काय, हे त्याच्या तोंडावर दिसत होतं.

इतक्यात कडी निघाली. दार बोटभर उघडलं.

"पाठीला हात पोचत नाही," बाबा म्हणाले. "येतोस का जरा?"