ऐनावरची सीतेची वेणी

मित्रांनो, मी एक जुनी आमरी, म्हणजे झाडावर वाढणारी ऑर्किड आहे. माणसं मला सीतेची वेणी म्हणतात, पण ते फक्त ज्येष्ठात, माझे घोस लोंबू लागले की. उरलेलं वर्षभर मी त्यांच्या लेखी बांडगूळ. हा शब्द मला अजून झोंबतो. बांडगूळ झाडाच्या अंगात मुळं खुपसून रस पितं. माझी मुळं सालीला नुसती धरून असतात. धुकं, पाऊस, सालीवर साचलेला पाचोळा, एवढ्यावर माझा संसार. दुसऱ्याच्या ताटातलं मी कधी खाल्लं नाही.

माझा जन्म देवरूखच्या वरच्या अंगाला, एका गावाच्या देवरहाटीत झाला. रहाटी म्हणजे देवासाठी राखलेलं रान. तिथली वाळकी काटकीसुद्धा देवाचा कौल घेतल्याशिवाय कोणी उचलत नसे. देवळामागच्या थोरल्या ऐनाच्या झाडावर माझं बी कधीतरी वाऱ्याने येऊन चिकटलं आणि तिथेच मी वाढले.

हौसा त्या गावची थोरली बाई. दिवाळी सरली की घरच्या आंब्यावरची बांडगुळं ती स्वतः उभी राहून काढून घ्यायची. रहाटीत दिवा लावायला आली की वर बघून तिचं तोंड सुरू व्हायचं.

"देवाच्या झाडावर बसलंस म्हणून वाचलंस हां! माझ्या आंब्यावर असतंस तर चुलीत गेलं असतंस!"

मी मुकाट ऐकून घेई. मला तोंड असतं तर आमचं दोघींचं झकास जुंपलं असतं.

१९९८ च्या थंडीत देवरूखच्या कॉलेजातल्या नीरजाबाई रानातल्या आमऱ्या ओळखायला आल्या. दिवा लावायला आलेल्या हौसासमोर त्यांनी बोटाने माझं मूळ हळूच उचललं.

"मावशी, हे बांडगूळ नाही. बघा, मूळ सालीत शिरलेलंच नाही."

"मग काय हाय?"

"फूल बघितल्याशिवाय नेमकं नाव नाही सांगता येणार."

"एवढी शिकलीस नि नाव सांगाया फूल लागतं?" हौसा फिसकन हसली.

जूनमध्ये बाई भर पावसात परत आल्या. माझे गुलाबी-पांढरे घोस त्यांनी पाकळी न पाकळी निरखले. "सीतेची वेणीच आहे. पण मावशी, मी सगळी रहाटी फिरले. ही या एकाच ऐनावर उरली आहे. ऐन गेला की ही गेली."

हौसाचं हसू गेलं. "माझ्या सासूच्या वक्ताला झाडाझाडावर असायची गो," ती म्हणाली.

माझी बाजूची पिल्लं सोडवून रहाटीतल्याच दुसऱ्या झाडांवर बांधावीत, असं बाईंच्या मनात होतं. पण कौल हवा. धाकू गुरवाने देवाच्या अंगाला डावी-उजवीकडे फुलांचे कळे चिकटवून गाऱ्हाणं घातलं. उजवा कळा आधी पडला तर होकार, डावा पडला तर नकार. पडला डावा. हौसानेच बाईंना वाटेला लावलं. "देवाचा शबुद एकदाच. जा बाय आता."

दोन वर्षांनी शिमग्याला मुंबईकर गावी आले. देवळाला मोठा सभामंडप बांधायचा होता आणि ऐन आड येत होता. धाकूने कळे लावले. डावा पडला. पुन्हा गाऱ्हाणं, पुन्हा डावा. "बोलण्यात कायतरी चुकलं असंल," कोणी म्हणालं. तिसऱ्या खेपेला उजवा पडला आणि ढोल वाजला.

हौसा मधे येऊन उभी राहिली. "काय रे धाकू, त्या पोरीच्या वक्ताला देव एकदाच बोलला. करवतीच्या वक्ताला तीनदा कसा बोलवलास?"

धाकू खाली पडलेले कळे वेचू लागला.

"काकी, देवाचं काम हाय," एक मुंबईकर म्हणाला.

"देवाच्याच रानाला करवत लावून? मोठे आले मेले काम करणारे!"

पण कौल पडला होता. ऐन कोसळला तेव्हा माझी पिल्लं फांद्यांखाली चिरडली. माझी अर्धी मुळं तुटली. हौसाने मला उचललं आणि पदरात घातलं. जन्मभर रहाटीतली काडी न उचललेल्या त्या बाईने मला नेताना कोणालाच विचारलं नाही. घरी नेऊन तिने मला काथ्याने त्याच आंब्यावर बांधलं.

पुढे दर थंडीला तिचा मुलगा रघू बांडगुळं काढायला चढला की ती खाली ठाण मांडून बसायची. "त्या फांदीला हात लावशील तर बघ! पावनी हाय ती माझी."

मी मात्र पुन्हा फुलले नाही. मुळं हळूहळू सावरतात, आणि हौसाला तेवढा वेळ नव्हता. गेल्या श्रावणात ती गेली.

आज दिवाळी सरली आहे. खाली रघू कोयतीला धार लावतो आहे.

"ती वरची पण काढायची?" त्याची बायको विमला विचारते.

"आई एक ठेवायला सांगायची खरी. फांदी तीच खालनं दाखवायची, कुठली ती आता कळत नाय. सगळी सारखीच दिसतात."

मित्रांनो, तुमच्यातलं कोणी त्या अंगणावरून जात असेल, तर रघूला हाक मारा. म्हणावं, कोयती जरा खाली ठेव. आधी बोटाने मूळ उचलून बघ. यंदा माझ्या पानांच्या बगलेत एक बारीक फुगवटा आला आहे. ज्येष्ठापर्यंत थांब म्हणावं. मग माझं नाव तुला कोणाला विचारावं लागणार नाही.