दुसरी थाप

गेर टाकताना ज्याची गाडी केकाटते त्यानं सरळ बैल हाकावेत, असं मुबारक उस्ताद म्हणायचे, आणि म्हणताना बघायचे माझ्याकडं. मी पडलो तापट माणूस. मला राग यायचा. पण खरं ते खरं, माझ्या हातात गाडी केकाटायचीच. आप्पासाहेबांची सर्विस मोटार औरंगाबादेत शहागंजातून निघायची, अजिंठ्याला जायची आणि पुढं घाट उतरून फर्दापूरला मुक्काम करायची. उस्ताद चालवायचे. मी तिकिटं फाडायचो, टपावर पोती चढवायचो, आणि रस्ता मोकळा असला तर कधीमधी त्यांच्या मेहरबानीनं चाक धरायचो. अजिंठा माझं गाव. गावच्या लोकांनी सांडूला चाकावर बघावं म्हणून मी उस्तादच्या किती मिनत्या केल्या ते माझं मलाच ठाऊक.

त्या गाडीचा गेर म्हणजे खाष्ट सासू. नुसता दांडा ओढला तर दात खाऊन उठायची. खालचा गेर घ्यायचा तर आधी क्लच दाबून गेर मोकळा करायचा, क्लच सोडून, पेट्रोलचा पाय दाबून इंजनला दम द्यायचा, आणि इंजन न् चाकं एका चालीवर आली की पुन्हा क्लच दाबून दांडा आत. चाल जमली तर दांडा आपसूक जायचा. ती चाल कळायची कशानं? कानानं. काटा नाय, दिवा नाय, काय नाय. गाडीचं ऐकायचं, एवढंच. घाटात तर खालचा गेर माथ्यावरच टाकून घ्यायचा आणि खाली उतरेपर्यंत त्याला हात लावायचा नाय. उतारावर गेर मोकळा झाला की गाडी सुटली. मग कुणाचा बाप तिला परत गेरात घालू शकत नाय.

उस्तादचा गेर पडलेला कधी कळायचा नाय. मागं बसलेल्या म्हाताऱ्याच्या मांडीवरची चंची हलायची नाय, असा हात. शहागंजातले दुसरे डायव्हर त्यांना सलाम करून मगच चहा प्यायचे.

लढाईची वर्षं होती, पेट्रोल कुपनावर मिळायचं. त्या साली पावसाळा सरला आणि उस्तादला हिवतापानं धरलं. दवाखान्यातून कोयनेल आणलं, कडूजहर, मूठ मूठ घेतलं. ताप गेला, पण जाताना कान घेऊन गेला. आधी म्हणाले, कानात रातकिडे ओरडतात. मग तेही बंद झाले. घरी उस्तादच्या बायकोनं, जोहराचाचीनं, ताट आपटलं तरी मान वळेना. हे ठाऊक तिला आणि मला, तिसऱ्याला नाय. लोकांपुढं उस्ताद मान डोलवायचे, हसायचे, आणि लोक म्हणायचे, आजारपणानं माणूस कसा गरीब झाला.

पण गाडी थोडीच फसते? पहिल्याच फेरीला शहराबाहेर चौक्याच्या चढावर तिनं अशी किंकाळी फोडली की माणसं दचकून उठली. उस्तादला काहीच कळलं नाय. माझं तोंड बघून कळलं. त्या संध्याकाळी ते माझ्यापुढं रडले. एवढा मोठा माणूस. म्हणाले, चाक गेलं तर मी कोण रे सांडू? नुसता एक बहिरा म्हातारा. मी नुसता त्यांचा हात धरला. बोलून तरी उपयोग काय होता.

तोड त्यांनीच काढली. सुट्टीच्या दिवशी मला घेऊन पडेगावच्या रस्त्याला गेले, मला बरोबर आपल्या मागच्या फळीवर बसवलं आणि म्हणाले, "हात मेरा, कान तेरे." त्यांच्या डाव्या खांद्यावर माझी पहिली थाप पडली की ते गेर मोकळा करणार आणि दम देणार. चाल जमली की मी दुसरी थाप मारायची, ते दांडा आत घालणार. त्यांनी मागं वळून बघायचं नाय, लोकांना संशय येतो. दिवसभर केलं. सुरुवातीला मी उशीर करायचो, गाडी ओरडायची, मी तिला आईबहिणीवरून द्यायचो. पण उन्हं उतरेपर्यंत जमलं. दांडा असा गेला की मला वाटलं, माझ्याच हातानं गेला.

पुढं किती दिवस तसंच चाललं. माणसं मला म्हणायची, काय रं सांडू, उस्तादच्या खांद्यावरच्या माशा मारतोस का? मी म्हणायचो, व्हय, तुझ्या तोंडावर बसतील म्हणून मारतो. सगळे हसायचे. खोटं कशाला बोलू, मला बरं वाटायचं. गाडीचं बोलणं आता मला समजत होतं, आणि उस्ताद माझ्या थापेवर डोळे झाकून भरवसा ठेवत होते. आप्पासाहेबांनी तर एकदा गाडी एवढी नरम चालवल्याबद्दल उस्तादला शाबासकी दिली. उस्तादनं मान डोलावली.

फर्दापूरची म्हातारी आवडाबाई आठवड्याला तूप घेऊन शहागंजात यायची. जीभ तिखट, पण मनानं साफ. मला रांडेच्या म्हणायची आणि उतरताना हातावर तुपाचं बोट ठेवायची. त्या दिवशी ती माझ्या शेजारीच फळीवर बसली होती. मांडीवर नारळ. म्हैस धडपणी व्यायली म्हणून घाटातल्या म्हसोबाला तिनं नवस बोललेला. पूर्वी उस्ताद त्या वळणावर न सांगता थांबायचे. मुसलमान माणूस, पण घाट सगळ्यांचाच म्हणायचे. कान गेल्यापासून आम्ही उतारावर थांबणं बंद केलं होतं. तिला ते कुठून ठाऊक असणार?

माथ्यावर मी दोन थापा दिल्या, खालचा गेर बसला, गाडी घुमत घुमत उतरायला लागली. तेवढ्यात मागं मिरच्यांचं पोतं कलंडलं, एका लेकुरवाळीच्या अंगावर जातंय असं दिसलं, म्हणून मी वळून ते धरलं. आवडाबाईनं हाक दिली, मियाँ, म्हसोबाला थांबा. पुन्हा हाक दिली. मग म्हणाली, बहिरा झालास का रं बाबा? आणि पुढं वाकून तिनं उस्तादच्या डाव्या खांद्यावर थाप मारली.

मी पोत्याला धरून होतो. माझ्या कानाला एवढंच कळलं की गाडी एकदम मुकी झाली. घूं घूं चाललेलं इंजन गप्प, नुसती चाकं सळसळतायत. उस्तादनं गेर मोकळा केला होता. त्यांना वाटलं, सांडूनं सांगितलं, म्हणजे इंजनाचं काहीतरी बिनसलं असणार. एका हातानं चाक, दुसरा दांड्यावर, नजर समोर, आणि ते दुसऱ्या थापेची वाट बघत होते.

मी पोतं सोडलं. खांद्यावर थापांवर थापा मारल्या. त्यांनी दांडा घातला, गाडीनं तो बाहेर फेकला. पुन्हा घातला, पुन्हा फेकला. ब्रेक जळाल्याचा वास आला. एका अंगाला दरी, दुसऱ्या अंगाला डोंगर. उस्तादनं चाक डोंगराकडं फिरवलं, गाडी डोंगरावर आदळून थांबली. दुसरा कुणी असता तर आम्ही सगळेच दरीत दिसलो असतो, हे मी आजही कुणाच्याही तोंडावर सांगेन. खरचटलं पुष्कळांना. उस्तादचा डावा हात मनगटातून मोडला. आणि आवडाबाई बाहेर फेकली गेली ती दगडावर. नारळ तिच्या ओच्यातच होता. मी तिला उचललं तेव्हा ती गेलेली होती.

पोलिसठाण्याचे अमीनसाहेब आले. त्यांनी काही विचारायच्या आतच उस्ताद बोलले. म्हणाले, पेट्रोल वाचवायला मीच गेर काढला, दुसऱ्या कुणाचा कसूर नाय. सगळ्यांना पटलं. कुपनाच्या दिवसांत कितीतरी डायव्हर चोरून तेच करायचे, आणि उस्ताद अशांच्या थोबाडीत मारायचे. आता त्यांनी तोच डाग स्वतःला लावून घेतला. मी तोंड उघडणार तोच त्यांनी माझ्याकडं असं बघितलं की मी मूग गिळले. खरं सांगायचं तर आधी सांगावं लागणार, हा माणूस बहिरा आहे, आणि बहिरा असून माणसं भरून घाट उतरत होता. मग त्यांना किती वर्षं आत टाकलं असतं?

तरी काही महिने टाकलंच. लायसन गेलं. चाक आप्पासाहेबांनी मला दिलं. अजिंठ्याच्या लोकांनी मला चाकावर बघितलं, आणि मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

उस्ताद सुटून आले तसा मी शहागंजामागच्या गल्लीत त्यांच्या घरी गेलो. मनगट वाकडं जुळलेलं. मला जवळ बसवलं आणि म्हणाले, हाताकडून चूक होते बेटा, दिल छोटा करू नको. मला क्षणभर कळेना. मग कळलं. ते समजत होते, ती थाप माझी. उतारावर मी चुकलो आणि एक बाई मेली, असं समजून या माणसानं माझ्यासाठी तुरुंग भोगला होता.

सांगू कसं? लिहून द्यावं तर लिहिणं मला येत नाय, वाचणं त्यांना येत नाय. ओरडावं तर गल्लीत भिंतीला भिंत, आणि भिंतीलाही कान. आपण बहिरे आहोत हे जगाला कळू नये, एवढी एकच इज्जत त्यांच्याकडं उरली होती. मी जोहराचाचीला हळूच सगळं सांगितलं. ती म्हणाली, राहू दे. तुला माफ केलं म्हणून त्यांना रात्री झोप लागते. तुझं काय जातंय?

माझं काय जातंय! प्रत्येक जुम्म्याला मी जायचो, ते माझ्या डोक्यावरून हात फिरवायचे, आणि मी न केलेल्या खुनाची माफी घेऊन घरी यायचो. तोंड दाबून बुक्क्यांचा मार. शेवटी एक दिवस मला सोसेना. मी त्यांच्यापुढं उभा राहिलो आणि खुणांनी सांगायला लागलो. कपाळावर कुंकू दाखवलं. डोक्यावर पदर घेतला. मांडीवर नारळ धरला. मागं वळून पोतं धरलं. मग म्हातारीसारखा वाकलो आणि त्यांच्या डाव्या खांद्यावर हलकेच थाप मारली.

मी काय सांगतोय ते उस्तादला सगळं समजलं. एकूण एक. त्यांचा चेहरा दगडासारखा झाला. इतक्या वर्षांत त्यांनी मला शिव्या दिल्या, टपल्या दिल्या, पण असं कधी बघितलं नव्हतं.

"मुर्दे पे नक्को डाल, सांडू," ते म्हणाले. "मेलेल्या बाईवर ढकलू नको." "पहिली थाप मारलीस, ती मी माझ्यावर घेतली. ही दुसरी थाप नको मारू."

आणि त्यांनी भिंतीकडं तोंड केलं. चाची म्हणाली, जा आता. मी गेलो नाय. मी त्यांच्या कानाशी बसलो आणि ओरडलो, उस्ताद, मी नव्हतो, मी थाप मारली नाय, तिनं मारली, तुम्हाला ऐकू येत नव्हतं म्हणून मारली. छातीत होता नव्हता तेवढा जोर लावून ओरडलो. शेजारच्या बाया दारात आल्या. समोरचा पिंजारी काम टाकून उभा राहिला. सगळ्या गल्लीनं ऐकलं. उस्ताद भिंतीकडं तोंड करून तसेच बसून राहिले.