रोविनाचा नेम

मॅक्सीनने उभा जन्म शेरीफच्या कचेरीत काढला, पण मैत्रिणींना पिस्तूल चालवायला शिकवायची वेळ तिच्यावर कधी आली नव्हती. ती आली रोविनामुळे. रोविनाचा नवरा ड्वेन तिला हाडं मोडेपर्यंत मारायचा. त्यापायी तो तुरुंगात गेला, तिने घटस्फोट घेतला. यंदा बर्फ वितळताना तो सुटला आणि रोविना पिशवी घेऊन मॅक्सीनच्या सोफ्यावर राहायला आली.

"तुझ्याजवळ यायला कोर्टाची बंदी आहे ना त्याला?" मॅक्सीन म्हणाली.

"कागद काय दार अडवून उभा राहणारे?"

म्हणून शनिवारी सकाळी मॅक्सीन तिला पिकअपमध्ये घालून जुन्या खडीच्या खाणीवर घेऊन गेली. पार्लरवाली डॉटीही मध्ये घुसून बसली. तिला कुठलीच गंमत चुकवायची नसायची.

मॅक्सीनने बराच वेळ काडतुसांना हातच लावू दिला नाही. पिस्तूल उघडून दाखवलं, फळीवर ठेवलं.

"भरलंय की रिकामं?"

"रिकामं," डॉटी म्हणाली. "आत्ता तर दाखवलंस."

"चूक! कायम भरलेलंच समजायचं. नळी माणसाकडे वळवायची नाही, नेम धरल्याशिवाय चापाला बोट लावायचं नाही. आणि गोळी सगळ्यात शेवटी. आधी दार लावा, पोलिसांना फोन करा, ओरडून दम द्या."

"ओरडायचं खातं माझ्याकडे!" डॉटी म्हणाली.

नेमासाठी समोर कागदी ताटली टांगली होती. डॉटीने पहिल्याच गोळीला तिच्या मागच्या टेकाडाची धूळ उडवली आणि स्वतःच खो खो हसली. रोविनाच्या गोळ्या मात्र समोरच्या मातीत घुसत होत्या. प्रत्येक गोळीनंतर ती 'सॉरी' म्हणत होती.

मॅक्सीनने तिच्या नकळत एक प्लास्टिकचं खोटं काडतूस भरलं. रोविनाने चाप ओढला. आवाज झालाच नाही, तरी नळी गपकन खाली गेली.

"बघितलंस? गोळी सुटायच्या आधीच तू दचकतेस."

रोविना पिस्तुलाकडे बघत राहिली. "त्याचा हात उठायच्या आधीच मी अशी आखडायचे."

मॅक्सीनला शिकवता येत होतं तेवढंच तिने सांगितलं. "चाप ओढू नकोस. हळूहळू दाबत राहा. गोळी कधी सुटेल ते तुझं तुलासुद्धा कळता कामा नये."

रोविनाने श्वास सोडला. बराच वेळ काहीच झालं नाही. मग धाडकन बार उडाला आणि कागदी ताटलीच्या बरोबर मध्यावर भोक पडलं. दुसरी गोळी त्याला चिकटून. तिसरीही तिथेच! गोळ्या संपल्या तसं तिने चापावरचं बोट काढलं, पिस्तूल रिकामं करून तपासलं, फळीवर ठेवलं आणि मग अशी आरोळी ठोकली की खाण दणाणली.

"बाई गं," डॉटी म्हणाली, "ओरडायचं खातंही गेलं माझं!"

परतताना एका कॅफेत हकलबेरीच्या रानफळांचा गोड 'पाय' खाता खाता रोविना म्हणाली, "मॅक्सीन, तुझ्या सोफ्याने माझी पाठ पार मोडली. मी आज माझ्या घरी झोपणार."

"नक्की?"

"अगदी नक्की."

दुपारी तिघींनी मिळून तिच्या दाराचं कुलूप बदललं. रोविनाने घरभर फिरून सगळे पडदे बाजूला सारले, खिडक्या उघडल्या, कॉफी ठेवली. ती संपल्यावरही दोघी रेंगाळल्या, तशी ती कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"चला, निघा आता. मला माझं घर आवरायचंय."