भाऊजींनी घेतलेलं माप

मानवजात आणि क्षयाचे जंतू यांच्यात हजारो वर्षं महायुद्ध सुरू आहे. त्याची सगळ्यात ताजी आघाडी म्हणजे आमच्या भाऊजींचा डावा हात, कोपराच्या जरा खाली.

भाऊजी म्हणजे माझ्या ताईचा नवरा, पेशाने शिंपी. त्यांच्या दुकानातल्या कारागिराला क्षय निघाला, आणि नेमकी त्याच आठवड्यात भाऊजींची मुलगी तान्ह्या बाळाला घेऊन माहेरी आली. ती छातीच्या रोगांची डॉक्टर. तिने बापाचा एक्स-रे काढवला, हाताच्या कातडीत एक बारीक सुई टोचवली आणि बजावलं, "निकाल कळेपर्यंत बाळ लांबून बघायचं, बाबा. आणि टोचलेली जागा खाजवायची नाही."

तेव्हापासून आजोबा दाराच्या चौकटीत उभे राहून, न परवडणारं कापड बघावं तसे नातवाकडे बघत होते.

निकालाच्या सकाळी मी गेलो, तर भाऊजी मागच्या खोलीत दार लोटून बसलेले.

"आत येऊ नका, मामासाहेब. आमचं संपलं."

"काय संपलं?"

"पावणेदोन इंच." त्यांनी बाही सरकवून लाल चट्टा दाखवला. गळ्यात टेप होतीच.

कपबशी त्यांनी वेगळी काढली होती. दुकानाची मोठी कात्रीही ताईच्या हवाली केली होती.

"वर्षभर एक बटण लावून मागतेय," ताई म्हणाली, "ते नाही. वारसा मात्र लगेच."

बाळाला निजवून लेक बाहेर आली. तिने डोळे मिटून चट्ट्यावरून बोट फिरवलं.

"फुगी कुठाय?"

"एवढं लाल दिसत नाही तुला?"

"लाल मोजायचं नसतं, बाबा. टणक फुगी मोजायची. आणि हा चट्टा तरी पावणेदोन इंच कुठाय?"

भाऊजी टेपशी चाळा करत राहिले. "जरा सैल धरलं. अंगाला वाढायला जागा नको का?"

लेकीने कपाळाला हात लावला. मग समजावून सांगितलं. सुईत जंतूंचा नुसता अर्क होता. अंगातल्या पेशींची या जंतूंशी आधी ओळख झालेली असेल, तर त्या आरोळी ठोकतात, म्हणजे रसायनं सोडतात. त्या हाकेला आणखी पेशी धावत येतात, आणि त्यांच्या गर्दीने कातडी टणक होते.

"तुमच्याकडे गर्दीच जमली नाही."

भाऊजींना सुटकेऐवजी अपमानच वाटला. "म्हणजे आमच्या पेशी ढिम्म बसून राहिल्या?"

"ओळख नाही तर कशाला ओरडतील?"

"मालकाच्या वळणावर गेल्यात," ताई म्हणाली. "दाराची बेल वाजली तरी हे कुठे उठतात?"

"पेशींना ओळख पटायला कधी कधी वेळ लागतो," लेक म्हणाली, "म्हणून दोन महिन्यांनी पुन्हा टोचायचं. पण खोकला नाही, ताप नाही, एक्स-रे स्वच्छ आहे. हात धुवा आणि घ्या त्याला."

भाऊजींनी हात असे धुतले की साबणाची वडी निम्मी झाली. मग ते खुर्चीत ताठ बसले आणि लेकीने बाळ त्यांच्या हातांत दिलं. भाऊजींची हनुवटी थरथरत होती. ताई पदराने चष्मा पुसत स्वयंपाकघरात गेली. मीसुद्धा, सहसा बघत नाही, पण खिडकीबाहेर बघितलं. माणूस अशा वेळी काहीतरी मोठं बोलतो, म्हणून कान देऊन थांबलो.

"मामासाहेब," भाऊजी हळूच म्हणाले, "डॉक्टरीणबाई आत गेल्या का बघा. गेल्या असतील तर डावा हात जरा खाजवा. माझे दोन्ही अडकलेत."